आयर्लंडच्या क्राफ्ट बिअरचं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवेला नोकरी-शिक्षणासाठी येणारे मराठी लोक आणि सुट्टीत फिरायला येणारे पाहुणे बिअरबद्दल साधारण हेच प्रश्न विचारतात. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवलंय. ज्यांना फक्त 'काय पिऊ?' एवढंच हवंय, त्यांनी सरळ शेवटाकडे जावं.

क्राफ्ट बिअर म्हणजे नक्की काय? आयर्लंडमध्ये कशाला क्राफ्ट म्हणतात?

व्यवहारात तीन गोष्टी बघतात: ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, लहान आहे का, ती कुठल्या मोठ्या कंपनीच्या मालकीची तर नाही ना, आणि बिअर खरोखर तिथेच बनते का. करखात्याला पहिल्या गोष्टीशी जास्त मतलब, कारण लहान ब्रुअरीला अबकारी करात सवलत मिळते. पिणाऱ्याला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिसरीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. कॅन हातात आला की मागची बारीक अक्षरं वाचा. 'अमुक ठिकाणी बनवली' असं असेल तर ठीक. 'अमुक कंपनीसाठी बनवली' असं असेल, तर त्या नावाची ब्रुअरी बहुधा नाहीच. दुसऱ्याच्या टाक्या भाड्याने घेऊन बनवलेली ती बिअर आहे. ती वाईटच असेल असं नाही, पण लेबलवरच्या डोंगर-समुद्राच्या चित्रावर फार विसंबू नका.

मग गिनेस क्राफ्ट नाही का? तीही आयरिशच आहे ना?

आयरिश आहे, क्राफ्ट नाही. आर्थर गिनेसने 1759 मध्ये डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेटची जागा वर्षाला 45 पौंड भाड्याने, तीही 9,000 वर्षांच्या कराराने घेतली. ही गोष्ट इथला प्रत्येक टॅक्सीवाला ऐकवतो. 1997 पासून गिनेस डिआजिओ या बहुराष्ट्रीय कंपनीत आहे. बिअर म्हणून ती उत्तम आहे, आणि ती तशी आहे हीच छोट्या ब्रुअऱ्यांची पहिली अडचण. मोठ्या कंपन्यांच्या पांचट लागरला, म्हणजे फिकट पिवळ्या हलक्या बिअरला, कंटाळलेली माणसं अमेरिकेत क्राफ्टकडे वळली. आयर्लंडमध्ये मात्र मोठ्या कंपनीचीच बिअर लोकांच्या मनापासून आवडीची आहे.

बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या देशात छोट्या ब्रुअऱ्या इतक्या उशिरा का आल्या?

कारण जुन्या होत्या त्या गिळल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडमधल्या गावोगावी ब्रुअऱ्या होत्या. पुढे कालवे आणि रेल्वे आली, डब्लिनचा माल आत खेड्यापर्यंत पोहोचू लागला, आणि त्या एकेक करून बंद पडल्या. विसाव्या शतकात उरलेल्यांनाही गिनेसने पंखाखाली घेतलं. किल्केनीची स्मिथिक्स ही 1710 पासूनची ब्रुअरी 1965 मध्ये गिनेसच्या ताब्यात गेली. शेवटी डब्लिनला गिनेस आणि कॉर्कला बीमिश व मर्फीज अशी तीन ठळक नावं राहिली. मर्फीज 1983 मध्ये हायनेकेन या डच कंपनीने घेतली. पुढे बीमिशही हायनेकेनकडेच आली आणि 1792 ची ती ब्रुअरी 2009 मध्ये बंद झाली. बीमिश आजही मिळते, पण ती मर्फीजच्या आवारात बनते. म्हणजे कॉर्कमध्ये 'आमची बीमिश चांगली की तुमची मर्फीज' हा वाद घालणारे दोघेही एकाच गल्ल्यात पैसे टाकत असतात. किल्केनीची ब्रुअरी 2013 मध्ये बंद झाली आणि स्मिथिक्स डब्लिनला बनू लागली.

छोट्या ब्रुअऱ्यांची सुरुवात कुणी केली?

1980 च्या दशकात काहींनी हात-पाय मारून पाहिले, पण त्यातलं फारसं काही टिकलं नाही. उत्तर आयर्लंडमध्ये लिस्बर्नजवळ 1981 मध्ये सुरू झालेली हिल्डन त्या काळातली ठळक अपवाद.

खरी ठिणगी 1996 ची. ऑलिव्हर ह्यूज आणि लियाम लाहार्ट या दोघांचा ब्रे गावात 1989 पासून पोर्टरहाउस नावाचा पब होता. 1996 मध्ये त्यांनी डब्लिनच्या टेंपल बारमध्ये दुसरा उघडला आणि तिथेच स्वतःची बिअर बनवायला घेतली. गिनेस ठेवलीच नाही. टेंपल बारमध्ये पब उघडायचा आणि गिनेस ठेवायची नाही, म्हणजे लोकांनी वेड्यात काढावं असंच ते धाडस. पण पब चालला. त्याच वर्षी कार्लोमध्ये शेमस ओहारा यांनी कंपनी काढली. त्यांची ओहाराज स्टाउट (स्टाउट म्हणजे गिनेससारखी काळी बिअर) 1999 मध्ये बाजारात आली आणि आज आयर्लंडबाहेर सहज मिळणाऱ्या स्वतंत्र आयरिश बिअरमध्ये तिचं नाव पहिलं घ्यावं लागतं. 1998 मध्ये कॉर्कला फ्रान्सिस्कन वेल, 2006 मध्ये रॉसकॉमनमध्ये गॉलवे हूकर. हूकर म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरची तांबड्या-तपकिरी शिडांची पारंपरिक होडी. पाहुणे नाव वाचून उगाच हसतात.

एवढी नावं झाली तरी 2005-06 मध्ये हा सगळा कारभार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच होता.

मग 2008 च्या मंदीनंतर अचानक एवढ्या ब्रुअऱ्या कशा उगवल्या?

पहिलं कारण सरकारी. 2005 मध्ये वर्षाला 20,000 हेक्टोलिटरपर्यंत, म्हणजे वीस लाख लिटरपर्यंत, बिअर बनवणाऱ्यांना अबकारी करात निम्मी सूट मिळाली. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली.

दुसरं कारण माणसांचं. बांधकाम आणि बँका कोसळल्या, चांगले शिकलेले लोक घरी बसले. काहींच्या हाती नुकसानभरपाईची रक्कम होती, काही जण अमेरिका-ऑस्ट्रेलियात राहून तिथली बिअर चाखून आले होते. कॉर्क परगण्यातल्या मिचेल्सटाउनची एट डिग्रीज तर एक ऑस्ट्रेलियन आणि एक न्यूझीलंडर अशा दोघांनी मिळून उभी केली. मंदीत शेड स्वस्त मिळत होती. आपल्या गावचं काही घ्यावं, पैसा गावातच राहावा, ही भावनाही तेव्हा जोरात होती.

2012 मध्ये दक्षिणेत, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकात, स्वतःची बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअऱ्या साधारण 15 होत्या. 2018 पर्यंत त्या सुमारे 75 झाल्या. त्याखेरीज दुसऱ्याच्या टाक्यांत बिअर बनवून घेणारी नावं वेगळीच. डोनेगालची किनेगर, स्लायगोची व्हाइट हॅग, विकलो वुल्फ, राय रिव्हर, रास्कल्स, व्हिपलॅश ही सगळी साधारण त्याच सुमाराची मंडळी. गॉलवे बे ब्रुअरीची 'ऑफ फोम अँड फ्यूरी' नावाची साडेआठ टक्के अल्कोहोलची डबल आयपीए 2013 मध्ये आली. आयपीए म्हणजे कडवट, सुवासिक बिअर, आणि डबल म्हणजे तिचाच जास्त कडक प्रकार. आयर्लंडमध्येही अशी बिअर बनू शकते हे ती पिऊन लोकांना पहिल्यांदा पटलं.

एवढं छान चाललं होतं, मग बिनसलं कुठे?

नळावर. माझं मत विचाराल तर या सगळ्या कहाणीचं एकच सूत्र आहे: बिअर चांगली बनवणं या लोकांना फार लवकर जमलं, पबच्या काउंटरवर नळ मिळवणं बहुतेकांना शेवटपर्यंत जमलं नाही.

कुठल्याही मध्यम गावातल्या पबमध्ये जा आणि काउंटरवर ओळीने बघा. गिनेस, स्मिथिक्स, रॉकशोअर, कार्ल्सबर्ग, हायनेकेन, कूर्स, आणि सायडरचा एक नळ. यातली पहिली चार नावं डिआजिओच्या कारखान्यांतून येतात. कार्ल्सबर्गही इथे तेच परवान्यावर बनवतात. म्हणजे सात नळ दिसतात, पण मागे कंपन्या तीन-चारच. टोकाला एखादा आठवा नळ असतो. त्याच्यासाठी जिल्ह्यातल्या सगळ्या छोट्या ब्रुअऱ्या आपसात झुंजतात.

इंग्लंडमध्ये पुष्कळ पब ब्रुअरीच्याच मालकीचे असतात. आयर्लंडमध्ये तसं नाही, बहुतेक पब घरच्या मालकीचे आहेत. कागदावर मालक हवी ती बिअर ठेवायला मोकळा. पण नळाची यंत्रणा, थंड करायचं यंत्र, पाइप साफ करायला येणारा माणूस, रात्री आठला बिघाड झाला तर धावत येणारा तंत्रज्ञ, ग्लास, छत्र्या, रग्बीच्या सामन्याचे फलक, हे सगळं मोठी कंपनी देते. छोटा ब्रुअर काय देणार? एक 30 लिटरचा केग, म्हणजे बिअरचं पिंप, आणि स्वतःचा मोबाइल नंबर. त्या केगमधून 52 पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे मोठे ग्लास, निघतात. गावातल्या पबमध्ये ते आठवडाभरात खपले नाहीत तर चव उतरते, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, आणि मालक म्हणतो, 'बघा, आमच्याकडे हे चालत नाही.' मालकाला तरी दोष कसा द्यायचा? शनिवारी रात्री तीन माणसं काउंटर सांभाळत असताना नवी बिअर कुणी समजावून सांगत बसणार?

म्हणून वर्तमानपत्रांत क्राफ्टचा एवढा बोलबाला असतानाही एकूण बिअरविक्रीतला स्वतंत्र ब्रुअऱ्यांचा वाटा शेकडा दोन-तीनाच्या आसपासच राहिला. ब्रुअऱ्या पाचपट झाल्या, नळ तेवढे वाढले नाहीत. वाटेकरी वाढले आणि भाकरी तेवढीच.

मोठ्या कंपन्या गप्प बसल्या का?

छे. त्यांनी तीन वाटा धरल्या.

एक, विकत घ्या. मोल्सन कूर्सने 2013 मध्ये फ्रान्सिस्कन वेल घेतली. 2018 मध्ये जेमसन व्हिस्कीवाल्या आयरिश डिस्टिलर्सने एट डिग्रीज घेतली. फ्रान्सिस्कन वेलची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्यांनी जेमसनकडून व्हिस्कीची रिकामी पिंपं उसनी आणली आणि त्यांत स्टाउट मुरवली. पिंपं परत गेल्यावर तिकडच्या लोकांनी त्यांत पुन्हा व्हिस्की भरून पाहिली. त्यातून 'जेमसन कास्कमेट्स' निघाली आणि ती जगभर विकली गेली. उधार घेतलेल्या पिंपांचा यापेक्षा चांगला मोबदला कुणाला मिळाला असेल असं वाटत नाही. तो मुख्यतः व्हिस्कीवाल्यांना मिळाला, हे वेगळं.

दोन, क्राफ्टसारखं दिसेल असं काहीतरी स्वतःच काढा. डिआजिओची 'हॉप हाउस 13' ही लागर 2015 मध्ये आली आणि बघता बघता देशभर पोहोचली, कारण नळ आधीपासून त्यांचेच होते. त्याच वर्षी सेंट जेम्सेस गेटच्या आवारात 'ओपन गेट ब्रुअरी' लोकांसाठी उघडली. तिथे प्रयोगाच्या छोट्या घाण्यातल्या बिअर मिळतात आणि खरं सांगायचं तर त्या चांगल्या असतात. हायनेकेनने 2021 मध्ये चहा आणि बेसिल घातलेली 'आयलंड्स एज' नावाची स्टाउट आणली होती. आपल्याकडचे लोक ऐकून चाट पडतात.

तीन, आणि ही वाट मला खटकते: गावाच्या नावाने खोटी ओळख. केरी आणि पश्चिम कॉर्कमधल्या काही पबमध्ये 'ब्लास्केट ब्लॉन्ड' आणि 'बँट्री ब्रू' अशा अगदी स्थानिक वाटणाऱ्या नावांचे नळ लागले होते. ती बिअर हायनेकेनची होती. प्रकरण अन्नसुरक्षा प्राधिकरणापर्यंत गेलं आणि ते नळ उतरले. पण ज्या पाहुण्याने हौसेने 'इथली काहीतरी द्या' म्हणून तो पाइंट घेतला, तो एका खऱ्याखुऱ्या स्थानिक ब्रुअरचा नळ होऊ शकला असता.

करात निम्मी सूट असूनही क्राफ्ट बिअर महाग का?

हिशेब करून बघू. अबकारी कर दर हेक्टोलिटरला, अल्कोहोलच्या दर टक्क्यामागे 22.55 युरो. 4.3 टक्क्यांच्या एका पाइंटवर तो साधारण 55 सेंट होतो. छोट्या ब्रुअरला निम्मा, म्हणजे त्याचे वाचले सत्तावीस-अठ्ठावीस सेंट. 30 लिटरच्या अख्ख्या केगवर साडेचौदा युरो. त्यावर 23 टक्के व्हॅट आहेच. पाइंट 6.50 युरोंना विकला तर त्यातले 1.22 युरो व्हॅटचे, आणि व्हॅटमध्ये लहान-मोठा असा भेद नाही.

उलट बाजूला बघा. मोठी कंपनी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, हजारो टनांनी घेते, हा पोत्यांनी घेतो. आयर्लंडमध्ये बार्ली उत्तम पिकते, पण हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, जवळजवळ सगळे अमेरिका, जर्मनी, न्यूझीलंडहून येतात. आयपीएमध्ये ते मूठभर नाही, पोतंभर लागतात. वर एक माणूस व्हॅन घेऊन परगणाभर फिरतो, तीन पबमध्ये दोन केग उतरवतो. सत्तावीस सेंट त्या डिझेलमध्येच जातात.

ब्रुअरीत जाऊन तिथेच बिअर प्यायला मिळते का?

मिळते, पण नियम चमत्कारिक आहे. 2018 पर्यंत ब्रुअरी दाखवायला लोकांना आत घेता यायचं, त्यांना स्वतःचा एक पाइंट विकता यायचा नाही. खासदार अॅलन केली यांनी मांडलेल्या विधेयकातून 2018 चा कायदा झाला. आता मार्गदर्शकासह फेरफटका मारलेल्या पाहुण्याला सकाळी 10 ते संध्याकाळी 7 या वेळेत बिअर विकता येते. म्हणजे पबला जायची वेळ झाली की ब्रुअरीने दुकान बंद करायचं. यात पबमालकांच्या संघटनांचं वजन किती, ते तुम्हीच ओळखा.

पूर्ण वेळ विकायचं तर पबचा परवाना हवा. नवा परवाना सहसा मिळत नाही, आधीचा एखादा विकत घेऊन रद्द करावा लागतो. हे बंधन 1902 पासूनचं आहे. दारूविक्रीचे कायदे सुटसुटीत करू असं सरकारने 2022 मध्ये जाहीर केलं होतं आणि ब्रुअरीवाले तेव्हापासून वाट बघत आहेत.

अमेरिकेत छोट्या ब्रुअऱ्या तगल्या त्या आपल्याच आवारात पाइंट विकून. मध्ये कुणी नाही, सगळा नफा घरात. आयर्लंडने ही सोय दिली ती उशिरा आणि अर्धवट.

कोविडने धंदा बुडाला असं म्हणतात, खरं का?

पूर्ण खरं नाही. 15 मार्च 2020 ला पब बंद झाले आणि केगचा धंदा रात्रीत शून्यावर आला. डब्लिनमधले जेवण न देणारे पब तर 2021 च्या उन्हाळ्यापर्यंत उघडले नाहीत. पण ज्यांच्याकडे कॅन भरायचं यंत्र होतं किंवा ज्यांनी ते घाईने मिळवलं, त्यांनी घरपोच बॉक्स पाठवून बऱ्यापैकी विक्री केली. पबच्या नळांची मक्तेदारी त्या काळात काही महिने निरुपयोगी झाली होती, हेही त्यांच्या पथ्यावर पडलं.

खरी ओढाताण नंतर सुरू झाली. पब उघडले तेव्हा मालकांनी जोखीम नको म्हणून खपणारी नावं आधी घेतली. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध आलं. वीज, गॅस, माल्ट, कॅन, कार्बन डायऑक्साइड सगळंच कडाडलं. बिअर बनवणं म्हणजे पाणी उकळवणं आणि मग ते थंड ठेवणं, तेव्हा विजेचं बिल काय झालं असेल याचा अंदाज करा. कोविडमध्ये पुढे ढकललेला कर त्याच वेळी भरायची पाळी आली.

मग 1 फेब्रुवारी 2024 पासून रिकाम्या डब्यांची अनामत योजना. 500 मिलिलिटरपर्यंतच्या कॅनवर 15 सेंट अनामत, रिकामा कॅन दुकानातल्या यंत्रात टाकला की परत. पर्यावरणासाठी चांगलीच गोष्ट. काचेच्या बाटल्या तिच्यात नाहीत. पण प्रत्येक कॅनवर योजनेचं चिन्ह हवं, प्रत्येक नव्या बिअरची नोंदणी हवी. दर पंधरवड्याला नवी बिअर काढणाऱ्या चार माणसांच्या ब्रुअरीला ही कारकुनी बरीच जड जाते. आता आरोग्याच्या इशाऱ्यांची लेबलंही यायची आहेत. ती 2026 मध्ये सक्तीची होणार होती, पण 2028 पर्यंत पुढे ढकलली आहेत.

किमान किमतीच्या कायद्याचा फटका बसला का?

फारसा नाही. जानेवारी 2022 पासून अल्कोहोलच्या दर ग्रॅममागे किमान 10 सेंट लावावेच लागतात. 4.3 टक्क्यांचा अर्ध्या लिटरचा लागरचा कॅन 1.70 युरोंच्या खाली विकता येत नाही. क्राफ्ट बिअर आधीच त्याच्या वर होती. उलट सुपरमार्केटातली पेट्यांची मातीमोल विक्री थांबल्याने दोघांमधलं अंतर थोडं कमीच झालं.

लोकांची चवच बदलली का?

बदलली, आणि त्यात ब्रुअरांचाही हात आहे. 2016 नंतर संत्र्याच्या रसासारखी दाट, गढूळ आयपीए हीच फॅशन झाली. दर आठवड्याला नवं नाव, नवा रंगीत कॅन. गिऱ्हाइकाला दरवेळी नवीन हवं असायचं, म्हणून एकाच बिअरवर कुणाची निष्ठा बसली नाही. चार युरोंचे पाच कॅन पिऊन पाहिल्यावर पाचही सारखेच लागतात हे लोकांच्या लक्षात आलं.

दुसरीकडे गिनेस पुन्हा तरुणांची झाली. 2024 च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये ती कमी पडली आणि पबना मोजून मिळत होती, इतकी मागणी. अल्कोहोल नसलेली गिनेसही इथे पबोपबी नळावर दिसू लागली आहे. बिअरमधून अल्कोहोल काढून घ्यायची यंत्रणा महागडी असते, ती छोट्यांना सहसा परवडत नाही.

मग या सगळ्यात तगलं कोण?

सगळ्यात चांगली बिअर बनवणारे तगले असं सांगायला आवडलं असतं. तगले ते गिऱ्हाइकापर्यंत पोहोचायची स्वतःची वाट असलेले. पोर्टरहाउस आणि गॉलवे बेचे स्वतःचे पब. रास्कल्सने डब्लिनच्या इंचिकोरमध्ये ब्रुअरीलाच पिझ्झाचं हॉटेल जोडलं. ओहाराजने निर्यात धरली. किनेगरने आधी आपला डोनेगाल पक्का केला. लीशमधल्या बॅलीकिल्केव्हनकडे पिढ्यान्पिढ्यांची शेती आहे, बार्ली घरचीच.

आणि राय रिव्हर. किल्डेअर परगण्यातल्या सेलब्रिजच्या या ब्रुअरीने सुपरमार्केटांसाठी त्यांच्या नावाने बिअर बनवायला घेतली. लिडलमध्ये 'क्राफ्टी ब्रुइंग कंपनी' दिसते ती यांचीच. जातिवंत बिअरप्रेमी यावर नाक मुरडतात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. ती बिअर चांगली आहे, परवडते, आणि तिच्या जोरावर टाक्या भरलेल्या राहतात. पबमध्ये नळ मिळत नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा दूध-पाव घ्यायला आलेल्या माणसाच्या पिशवीत जागा मिळवणं हा शहाणपणाच.

मी शाकाहारी आहे. काही जपायचं का?

हो, विचारून घ्या. बिअर नितळ करायला माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास हा पदार्थ वापरायची जुनी पद्धत आहे. गिनेसमध्येही तो असायचा. 2015 मध्ये कंपनीने तो सोडायचं जाहीर केलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळी गिनेस त्यातून मोकळी झाली. नवीन ब्रुअऱ्यांतल्या बऱ्याच जणी बिअर गाळतच नाहीत, त्यामुळे प्रश्न येत नाही, आणि कॅनवर तसं लिहिलेलं असतं. मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर असते, ती शाकाहाऱ्यांना चालेल, दूध न चालणाऱ्यांना नाही. पोर्टरहाउसची ऑयस्टर स्टाउट मात्र टाळा. नावात कालवं आहेत तशी ती बिअरमध्येही खरोखरच घालतात. कोकणातले काही मित्र हे ऐकून तीच आधी मागतात, तो भाग निराळा.

पहिल्यांदाच येतोय. काय प्यावं?

आधी एक गिनेस प्या, म्हणजे तुलना करता येईल. दोन टप्प्यांत भरतात: ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा, ठेवून द्यायचा, तपकिरी ढग खाली बसेपर्यंत थांबायचं, मग वरचा भाग. घाई करू नका आणि मधेच ग्लास उचलू नका.

मग ओहाराज स्टाउट. जास्त कडवट, कॉफीसारखी भाजकी, अंगाने भरलेली. या दोघींतला फरक कळला की पुढचं सगळं सोपं. कडू नको असेल तर कुठलीही आयरिश रेड, म्हणजे तांबूस सौम्य बिअर, घ्या. हॉप्स आवडत असतील तर गॉलवे हूकर, व्हाइट हॅगची 'लिटल फॉन' किंवा व्हिपलॅशची 'रोलओव्हर'. काहीतरी वेगळं हवं असेल तर किनेगरची 'रस्टबकेट', राय धान्य घातलेली.

पबमध्ये शिरल्यावर 'क्राफ्ट काय आहे?' असं विचारू नका, हॉप हाउस पुढे येईल. 'या परगण्यात बनलेलं काही आहे का?' असं विचारा, आणि ब्रुअरी कुठल्या गावात आहे तेही. उत्तर चटकन आलं तर बिअर खरी.

एक पाइंट पिऊन गाडी चालवता येते का?

नाही, असंच धरून चला. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम, नवशिक्या आणि व्यावसायिक चालकांना 20. साडेआठ टक्क्यांची डबल आयपीए एका पाइंटमध्ये हिशेब पूर्ण करते. 2018 पासून थोडी जास्त सापडली तरी परवाना तीन महिने जातोच.

भारतात नेता येईल का?

प्रत्येक प्रौढ प्रवाशाला एकूण 2 लिटर दारू शुल्काविना नेता येते आणि त्यात बिअरही धरतात. म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या, आणि मग व्हिस्कीची बाटली विसरायची. एवढ्यासाठी व्हिस्की सोडावी का हे घरच्या मागणीवर अवलंबून. नेणारच असाल तर आयपीए नेऊ नका. हॉप्सचा वास उन्हाने आणि उष्णतेने सगळ्यात आधी उडतो, आणि मे महिन्यात मुंबई विमानतळ ते नाशिक एवढ्या प्रवासात त्याचं पाणी होईल. सहा-सात टक्क्यांच्या वरची स्टाउट घ्या, बाटल्या मोज्यांत घालून बॅगेच्या मधोमध ठेवा, आणि पोहोचल्यावर दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्या राहू द्या.